शुक्रवारच्या पायऱ्या

शुक्र. ७ नोव्हें.
महेशचा व्हिडिओ फोन आला. शुक्रवारी त्याच्या शिलाई कारखान्याला सुट्टी. तिकडं अम्मानमध्ये रोमन लोकांच्या वेळचं नाट्यगृह आहे, उघड्यावरचं, तिथं जाऊन बसतो. माग बंद ठेवला, नाहीतर ऐकू येत नाही. डोंगर कापून अर्धगोल पायऱ्या केल्यात. फार उभ्या. सांभाळून उतर म्हटलं, दोनदा. लग्नाचं विचारलं. "आप्पा, हे बघा की," म्हणून फोन फिरवला. नाट्यगृहाचं तोंड उत्तरेला ठेवलंय, बसणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जात नाही म्हणे. बरं.
गॅस बंद केला होता. तरी उठून बघितला.

सोम. १०
अनगोळचे आले, महेशला ठरवलेल्या मुलीचे वडील. महेशची आई जाऊन पौषात वर्ष होतं. लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. पौषात मुहूर्त नाही, म्हणजे मार्गशीर्षच. "अण्णा, तीन वर्षं पोरगीला कसं थांबवू?" त्यांचं खरं आहे. शुक्रवारी विचारतो म्हटलं.

शुक्र. १४
पुन्हा नाट्यगृहच. रंगमंचामागं उंच भिंत होती, खांब, पुतळे. बरीचशी पडली. मोठी माणसं खाली पुढं बसायची, गरीब पार वर. मी म्हटलं, आपल्या यात्रेतल्या नाटकासारखंच, पंच खुर्चीवर नि आपण झाडावर. हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. सगळं मातीत बुजलं होतं, उकरून दुरुस्त केलं. नवा दगड वेगळा दिसतो. साडीत दुसऱ्या लॉटचं सूत लागावं तसा.
लग्नाचं राहिलं. त्यानं टाळलं का मीच…

बुध. १९
आक्का आली निपाणीहून. म्हणाली, "तिकडंच कुणी बघितलीया का, इचार की त्येला." तेच डोक्यात बसलं. जेवण गेलं नाही.
महेशच्या आईच्या साड्या वाटून टाकू म्हणाली. कपाटाची किल्ली सापडत नाही म्हटलं. खिशात होती.

शुक्र. २१
विचारलं एकदाचं. "न्हाय हो आप्पा, तसलं काय न्हाय." मग चालत खाली रंगमंचासमोरच्या मधल्या दगडावर जाऊन उभा राहिला. तिथं हळू बोललं तरी पार वरच्या पायरीला ऐकू जातं, हे मागं सांगितलं होतं त्यानं.
"आई गेली तवा मला सुट्टी मिळाली न्हाय. हितं हाय तवर आई घरात हाय, आप्पा. लग्नाला आलो की तिच्याबिगर घर बघावं लागंल."
त्याच्या मागं, वर, कुणी एक बसला होता. तो वाकून खाली बघत होता. त्याला मराठी कुठलं कळायला.
मला रडू आलं नाही. उन्हात उभा राहू नको म्हटलं. जेवलास का म्हटलं. फोन ठेवल्यावर माग चालू केला.

रवि. २३
अनगोळचे पुन्हा. होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शुक्रवारपर्यंत थांबा म्हटलं. "किती शुक्रवार, अण्णा?" अर्धा चहा ठेवून गेले. मार्गशीर्ष लागलासुद्धा.
दुपारी कपाट उघडलं. वरचीच साडी आपल्या मागावरची, हिरवी. बाहेर काढली, तशीच परत ठेवली. कुलूप लावलं नाही.
शुक्रवारी फोन आला की मीही फिरवावा का. कपाट, तिचा पाट, स्वयंपाकघर. एकदा बघितलं तर येईल. का बघितल्यावर मुळीच येणार नाही.
चार्जर नीट लागत नाही. बघितला पाहिजे.