सातव्या क्रमांकाचं घर

३ जून १९८४
कादंबरीतल्या माणसाचं खरं नाव चारचौघांत सांगणं, हा अभ्यास की चहाडी? मला सांगता येत नाही. कॉलेजात याच शोधासाठी प्राध्यापकांनी पाठ थोपटली होती.

कादंबरीकार ऑगस्टा थॉर्नलींच्या घराचं आता संग्रहालय आहे, तिथे मी पाहुण्यांना माहिती सांगते. आज ओहायोच्या एका बाईंनी विचारलं, "कादंबरीत चर्चच्या पायरीवर तान्हं बाळ ठेवून जाते ती डिली — खरंच कुणी होती का?" गावातलं कुणीही म्हणतं, "छे हो, सगळं लेखिकाबाईंच्या मनातलं!" वर्षानुवर्षं हेच उत्तर. मी मात्र सांगून टाकलं — मिस ओर्डेल टेट. पोस्टामागचं निळ्या दाराचं घर.

काय अभिमान वाटला मला!

११ जून
पाहुण्यांना देतो त्या नव्या नकाशात मिस ओर्डेलचं घर छापलं. क्रमांक सात. संग्रहालयाचे साहेब खूश. आईने नकाशा न उघडताच बाजूला सारला.

१९ जून
मिस ओर्डेलनी वाळत घातलेले कपडे आत नेले. ओसरीवरची खुर्चीही. लोक कुंपणावरून वाकून फोटो काढतात.

आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर! आणि पदवीचा पहिला उपयोग काय, तर म्हातारीच्या दारात जत्रा भरवली."

"पण गावाला माहीतच आहे ना?"

"गावाला! परक्यांना नाही."

२४ जून
कुणीतरी त्यांच्या पायरीवर बाहुली ठेवली. दुपट्यात गुंडाळून! पुस्तकावरच्या प्रेमापोटी, म्हणे.

माफी मागायला गेले. लहानपणी याच ओसरीवर मी त्यांच्याबरोबर शेंगा सोलायचे. बाहुली आत, खिडकीत बसवलेली.

"पावसात भिजत होती," मिस ओर्डेल म्हणाल्या. "आत घेतली."

मला रडू फुटलं. "मी सांगितलं ते खोटं असेल तर सांगा, मी साहेबांना—"

"पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही, आता तुला सांगू होय? नाक पूस. आणि त्या शेंगा घे, हात रिकामे कशाला?"

टोपलीभर सोलल्या. मान वर करवली नाही.

२५ जून
आईला बाहुलीचं सांगितलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली.

"चर्चच्या पायरीवरचं ते बाळ मी."

आजीनेच ठेवलं होतं, लग्नाआधी. वीस वर्षांच्या ओर्डेलने तिला ठेवताना पाहिलं, बाळ उचलून पाद्रींकडे नेलं. कुणाचं, ते सांगितलं नाही. गावाने तिच्यावरच संशय घेतला, तिचं ठरलेलं लग्न मोडलं — तरी नाही. आठवड्याने आजीने 'पोरकं लेकरू सांभाळते' म्हणत आपलंच मूल घरी आणलं. आई सांभाळलेली, हे जुन्या लोकांना ठाऊक; मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आजीने मरताना सांगितलं," आई म्हणाली. "दहा वर्षं झाली. मीही गप्पच बसले. कुठल्या तोंडाने तुला बोलत होते, कोण जाणे."

म्हणजे लाज आमच्या घरची, आणि मी ती नेऊन मांडली त्यांच्या दारात. त्यांनी मला शेंगा सोलायला दिल्या!

१ जुलै
उरलेल्या नकाशांवरचा सात शाईने खोडला. पाहुण्यांचा सकाळचा गट निळ्या दाराकडे नेला नाही, आमच्या ओसरीपाशी थांबवला. "पायरीवरचं बाळ," मी म्हणाले, "ही माझी आई." आई आधीच खुर्ची टाकून बसली होती — चर्चला जायची टोपी घालून.