बोक्याचा घास

३ फेब्रुवारी

पुन्हा! ओठांभोवती लाल गांधी, थेट गालापर्यंत. औषध दिल्यावर तासाभरात गांधी उतरल्या. माझा पारा नाही.

चौदा महिन्यांचं पोर. जन्मला तेव्हा ओठावर लव होती, म्हणून नवऱ्याने बोका म्हणायला सुरुवात केली. आता वर म्हणतो, "दूध न चालणारा जगातला पहिला बोका!" विनोद सुचतात याला.

डॉक्टरांनी बजावलंय – दूध, दही, लोणी, बिस्किट, काही म्हणजे काही नाही. भांड्याला लागलेलंसुद्धा नाही. मग देतं कोण? घरात मोठी माणसं तीन. मी नाही. नवऱ्याला बोक्याचा चमचा कुठल्या खणात असतो तेही ठाऊक नाही. उरलं कोण?

५ फेब्रुवारी

शेजारीण ज्ञान देऊन गेली. "रोज चमचा-चमचा पाजा, सवय होईल. आमची मुलं बादल्या प्यायली." हो, दिसतंय ना काय झालं त्यांचं! सासूबाई शेजारी बसून मान डोलावत होत्या. मला सगळं कळतं.

६ फेब्रुवारी

सासूबाईंचं नवं नाटक म्हणजे कोरा चहा. महिना झाला. "मला हाच बरा वाटतो आता." आणि घोट घेताना तोंड असं की एरंडेल प्यायल्या! सुनेच्या राज्यात म्हातारीला थेंबभर दूध मिळत नाही, हे चार लोकांना दिसायला हवं ना.

भरवण्याची तऱ्हा तर विचारूच नये. घास गरम आहे का बघायला मनगटाला टेकवणार, मग मनगट फडक्याला पुसणार. किळस येते.

मी प्रत्येक घास आधी माझ्या ओठांना लावते. आई मला असंच भरवायची. तिच्या ओठांवरून आलेला भात मला अजून आठवतो. बेचाळिसाव्या वर्षी मूल झालं, तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं – आता मलाही असं भरवता येईल.

९ फेब्रुवारी

ओट्याशी उभी राहून भात कालवत होते, शेजारी माझा चहा. मागून सासूबाई – "अगं, चहा त्याचं आटोपल्यावर घेत जा ना."

आता माझा चहाही डोळ्यांत खुपायला लागला! दिवसभरातला एकच कप, दाट, साय तरंगणारा, तेवढाच माझा. त्यांच्यासमोर भुरके मारून संपवला.

१२ फेब्रुवारी



सकाळी अर्धा भात मी भरवला. फोन आला म्हणून वाटी सासूबाईंच्या हातात दिली. पाच मिनिटांत परत येते तर बोक्याची छाती घरघरतेय, ओठ सुजलेले. इस्पितळ. मांडीत इंजेक्शन. तो एवढासा, पलंग एवढा मोठा.

तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं, "काय घातलंत भातात?"

"काही नाही गं. शप्पथ."

"शपथा घेऊ नका! मारायचंय का त्याला?"

नवरा भिंतीवरची सूचना वाचत होता. हात धुवायची. मी म्हटलं, एक तर आई राहतील, नाही तर मी आणि बोका.

१४ फेब्रुवारी

गेल्या एकदाच्या नणंदेकडे. एवढीशी पिशवी घेऊन. दारात बोक्याचं डोकं हुंगलं, पण मुका नाही घेतला. त्याने गाल पुढे केला तर तोंड वळवलं. काय तो ताठा!

१८ फेब्रुवारी

चार दिवस अंग लख्ख. एक पुरळ नाही! म्हटलं नव्हतं मी?

माझा मात्र त्याच दिवसापासून घसा धरलाय. गरम पाण्यावर आहे, चहा नकोसा वाटतो.

२१ फेब्रुवारी

घसा मोकळा. आठवड्याने चहा घेतला. मग बोक्याला भरवलं.

गांधी.

घरात कुणी नव्हतं. कुणीच.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई पोरगेलीशी, कालच शाळा सुटल्यासारखी. विचारते, "भरवण्याआधी तुम्ही काय घेतलं होतं?"

मी? अहो, ॲलर्जी त्याला आहे!

"हो, पण घास तुमच्या तोंडाला लावून बघता का? मुका घेता?"

आधी हसूच आलं मला. कसले प्रश्न! मग ओठांवर जीभ फिरली, आपोआप.

घरी येऊन ही वही मागे उलटत गेले. सहा तारीख. नऊ. बारा – अर्धा भात मी भरवला. चौदा. सगळं लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात.

नवऱ्याला विचारलं, आईंना कोरा चहा आवडतो का रे?

"तिला? छे! दूध संपलं असेल तर चहाच करू नका म्हणायची."

२३ फेब्रुवारी

सासूबाईंना फोन केला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, पण त्याच आधी म्हणाल्या, "बोका जेवला?"

"जेवला."

"आणि तुझा चहा?"

"कोरा घेतला, आई."

 मग हळूच –

"पहिले आठ दिवस कडू लागतो गं."