औषध कशात भिजवणार ते विचार

तीर्थस्वरूप दादास,
तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, प्लास्टरमधल्याला जरा जास्तच.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. वहिनीने विणलेला स्वेटर बरोब्बर बसला. पण आज प्रयोगशाळेत जे कळलं, ते तुला लगेच लिहायला बसले.

आम्ही सशांच्या मोडक्या हाडांवर औषधं तपासतो, पण कुठल्या सशाला काय दिलंय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळू देत नाहीत. एका सशाच्या एक्स-रेत मोडक्या हाडातली फट तशीच होती आणि नवं हाड भलतीकडे, मांसात वाढलं होतं! मला वाटलं, कुणाचा तरी हात चुकला. आज औषधांच्या नावांची बंद पाकिटं फोडली. त्याला सगळ्यात जोरदार, कारखान्यात बनवलेलं हाडवाढीचं औषध मऊ स्पंजात भिजवून दिलं होतं. स्पंजाने ते एका दमात आसपासच्या मांसात ओकून टाकलं. दुसऱ्याला त्याच्याच रक्तातून काढलेलं सौम्य औषध खडूसारख्या कणांतून दिलं होतं. ते हळूहळू झिरपलं आणि फट भरली.

तुझे डॉक्टरही तेच जोरदार औषध देणार ना? तू ससा नाहीस, मान्य. तरी कशात भिजवून देणार, एवढं विचार. उत्तर मिळेपर्यंत ऑपरेशनच्या कागदावर सही करू नकोस. आई घाबरेल, तिला सांगू नकोस. तिची झोप कशी आहे?

घरी आले की वाकून नमस्कार करीन. तेव्हा तुझी हाडं जागच्या जागी हवीत.

तुझी धाकटी