उजव्या हाताला माताजी

धार, ७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. देवश्रीस विनोदिनीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू हो-हो करून सुटतेस, म्हणून लिहिते आहे. दोन दिवस तुमच्याकडे राहून आले आणि अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. टेबलावर कॉम्प्युटर, टेबलाखाली सरकता पट्टा, आणि तू ऑफिसच्या साहेबांशी बोलत तासन्‌तास चालतेस. कमरेच्या वर नोकरी आणि कमरेखाली मांडवगडची चढण. घरबसल्या काम म्हणतात तर बसून करावं की गं.

तब्येतीसाठी चालतेस, कबूल. पण तुझा सासरा, माझा धाकटा भाऊ किसन, उन्हाळ्यात लकवा झाल्यापासून त्याच खोलीत खुर्चीला खिळलाय. जन्मभर ज्याने पहाटे माताजीच्या टेकडीची प्रदक्षिणा घातली, तो दिवसभर त्या पट्ट्याकडे बघत बसतो. यंदा पहिल्यांदाच तो मला स्टँडवर घ्यायला आला नाही, तुझा नवरा दीपेश आला. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ते यंत्र दसऱ्याच्या आत घरातून काढा. नवऱ्याला सांग, आत्याचा हुकूम आहे.

कळावे, राग धरू नये, माया कमी करू नये.
तुझी आत्या


देवास, १४ सप्टेंबर २०२५

ती. आत्यांना शि. सा. न. वि. वि.

माझं शिक्षण हिंदीत, चुका सांभाळून घ्या. तुमचं पत्र वाचून रडू आलं, इतके दिवस हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मशीन विकायचं पक्कं केलं. कन्नौदचे एक भिया काल दुपारी गिऱ्हाईक म्हणून आले. दादा त्या वेळी खुर्चीतच दार लोटून झोपतात, म्हणून दीपेशने हळूच दार उघडलं आणि मला खुणेने बोलावलं.

दादा मशीनवर चालत होते. दोन्ही हातांनी टेबल धरून, डावा पाय घसटत. देवघरातला माताजीचा फोटो खिडकीत ठेवलेला, बरोबर उजव्या हाताला. मागे न बघता म्हणाले, थांबा, प्रदक्षिणा अर्धी झालीये. आत्या, माझे तर होशच उडाले. रोज मला बघून बटणं शिकले होते, आणि घसटता पाय कुणाला दिसू नये म्हणून दार बंद. भियांना चहा पाजून परत पाठवलं.

डॉक्टर म्हणाले, चालू द्या, फक्त जवळ कुणी उभं राहा. पण तुमचा हुकूम दीपेशच्या तोंडून निघून गेला. अक्का नको म्हणते म्हणजे ती प्रदक्षिणा नव्हेच, असं म्हणून दादा पुन्हा खुर्चीत बसलेत. आमचं ऐकत नाहीत. आता तुम्हीच काही करा.

आशीर्वाद असू द्यावा.
आपली देवश्री


धार, १८ सप्टेंबर २०२५

चि. किसनास अनेक उत्तम आशीर्वाद.

देवश्रीचं पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली. मी ज्याला जखमेवरचं मीठ समजत होते, त्यावर तू टेकडीला वळसा घालतोयस. लहानपणी तू चोरून काही केलंस की मला लगेच सुगावा लागायचा. या वेळी लागला नाही, हा धक्का अजून ओसरत नाही.

नको म्हटलं ते न कळून म्हटलं. जागच्या जागी चालून प्रदक्षिणा घडते का, मला ठाऊक नाही, आणि मी कुणा भटजीला विचारणारही नाही. माताजी उजव्या हाताला आहे आणि पाऊल पडतंय, मला पुरे. सून जवळ असल्याशिवाय मात्र चढायचं नाही, आणि दार उघडं ठेवायचं. पाय घसटला तर घसटू दे, बघणारी आपलीच आहेत.

दसऱ्याला येते. दीपेशला पाठवू नकोस. तू रिक्षाने ये, पण स्टँडच्या आतल्या बाकापर्यंत चालत ये. कितीही वेळ लागो, मी तिथे बसून राहीन.

लोभ असाच चालता राहो.
तुझी अक्का