नारिंगी धूर

खाण-वसाहत, ३ नोव्हेंबर

ती. बुलानताईस,
सा. न. वि. वि.

सुके मासे पोचले. अर्धे नावेवाल्यानेच खाल्ले असावेत. महिनाअखेरीपर्यंत सुटी नाही, म्हणून हे पत्र.

आता मी सुरुंग ठासणाऱ्यांच्या टोळीत आहे. कॉलेजात कंटाळा येऊन टाकलेलं पदार्थविज्ञान इथे पायाखाली आहे. खडकातल्या भोकात भरायच्या स्फोटक लगद्यात मुद्दाम बारीक बुडबुडे ठेवतात. धक्का बसला की ते चिरडतात, तिथे आग होते, आणि एक थर पुढच्याला पेटवत जातो, आवाजाच्याही कितीतरी पट वेगाने. बुडबुडे नसले तर नुसता चिखल. सुलिंग शाळेच्या पायरीवर दिसत नाही तेव्हा मीही चिखलच असतो. हसू नकोस.

लग्नासाठी तिच्या बाबांनी घातलेली अट पाळतोय. एकाच नोकरीत वर्ष काढायचं, थोडंच उरलंय.

रागाव, पण लोभ आटवू नकोस.
तुझा उसात

गाव, ९ नोव्हेंबर

चि. उसातास,
अनेक आशीर्वाद.

हसले, आणि सुलिंगलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, चिखल असेल तर पाय धुऊन ये म्हणावं.

मागणी घालताना दिलेला आपल्या बाबांचा कोयता अजून त्यांच्या भिंतीवर आहे. तिचे बाबा, उलुइकाका, रोज विचारतात, टिकलाय का अजून नोकरीत? नकार असला की कोयता परत येतो, हे तुला सांगायला नको. तेव्हा बाबा रे, तोंड आवर. प्राध्यापकावर वही फेकलीस, तसं तिथे काही फेकू नकोस.

तुझ्या काळजीत,
ताई

खाण-वसाहत, १६ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार लिहायला हात उठत नाही. नोकरी गेली.

पाऊस लागला आणि ठासलेले सुरुंग आठवडाभर पाण्यात राहिले. भिजलेल्या लगद्यात पेटत जाणारी ती लाट मध्येच दम सोडते, सगळं नीट पेटत नाही आणि नारिंगी धूर उठतो. तो छातीत गेलेला माणूस आधी ठीक वाटतो, मग त्याचा श्वास कोंडतो. वारा थेट तुमच्याकडे, शाळा भरलेली. साहेबांना म्हटलं, थांबू या. ते म्हणाले, वाऱ्याची परवानगी काढायला तुला ठेवलंय का? मी स्फोटयंत्राची किल्ली खिशात घातली आणि अंधार पडेपर्यंत दिली नाही. अंधारात सुरुंग उडवत नाहीत.

या वेळी मी रागात नव्हतो, एवढं तरी खरं मान.

उद्या दुसरा कोणी उडवेल. मला पहाऱ्यात बसवलंय, म्हणून नावेवाल्याच्या हाती हे पाठवतोय. मुलांना वाऱ्याच्या वाटेतून हलवा. आणि कोयता तूच जाऊन मागून आण. उलुइकाकांनी आणून दिलेला मला सोसणार नाही.

उसात

गाव, १८ नोव्हेंबर

चि. उसातास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वेळेवर मिळालं. काल सुलिंगने शाळेतली सगळी मुलं टेकडीवर नेली. दुपारी सुरुंगाचा भोंगा झाला. वारा रात्रीतच फिरला होता. धूर पलीकडच्या काठावरच्या रानात गेला, पिकल्या पपईच्या रंगाचा. मुलं टाळ्या वाजवत होती. आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होतो.

मग कोयता मागायला गेले. उलुइकाकांना म्हटलं, वर्ष पुरं झालं नाही. तुझं पत्रही दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, कोयता भिंतीवरून उतरवला. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी पात्यावरची धूळ आपल्या सदऱ्याने पुसली आणि कोयता पुन्हा खिळ्याला अडकवला.

पाय धुऊन ये.

तुझी ताई