सॅन्टनने पूजेत काय म्हटलं

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
दसऱ्यानंतरचा गुरुवार

तीर्थरूप प्रल्हादकाका यांस,

क्षितिजाचा वाकून नमस्कार. काकूंनाही सांगा. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा खोकला गेला, बाबांची सातिवलीच्या कारखान्यातली पाळी आता सकाळची झाली. तुमचा मुरगळलेला पाय कसा आहे? तेल काकूंनाच चोळू द्या, स्वतः वाकू नका. गावाकडे चांदीपला भातात दाणा भरला असेल, म्हणजे पोपटांचे थवे उतरू लागले असतील आणि तुम्ही लंगडत बांधावर डबा वाजवत उभे असाल. (म्हणूनच हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. ज्यांचं अर्धं आयुष्य पोपट हाकलण्यात गेलं, त्यांना पोपटाबद्दल काय नि कसं लिहायचं?)

माझ्या पदवीच्या पूजेत पोपटाने घोळ घातला, असं पिंकीताईने तुम्हाला फोनवर सांगितलं. त्यावर तुम्ही बाबांना एवढंच विचारलंत, “शिकवलंस ते ह्याच्यासाठी काय?” त्या दिवसापासून बाबा जेवताना खाली मान घालून जेवतात. पिंकीताई पूजेला प्रसादाच्या वेळी आली होती, म्हणून सगळं सुरुवातीपासून मीच सांगते.

शनिवार-रविवार मी एका पक्षी-संस्थेत काम करते, हे तुम्हाला माहीत आहे. लोक हौसेने परदेशी पोपट घेतात. पोपट चाळीस-पन्नास वर्षं जगतो, हौस दोन वर्षांत संपते, मग पक्षी आमच्याकडे येतो. (तुमच्या शेतातले हिरवे पोपट पाळणं हा गुन्हा आहे. हा करडा आहे, आफ्रिकेतला, रीतसर नोंदणी झालेला.) कायमचं घर मिळेपर्यंत अशा पक्ष्याला कुणीतरी आपल्या घरी सांभाळावं लागतं. मी हात वर केला. चुकलं ते घरी सांगताना. जेवता जेवता मी म्हटलं, सॅन्टनला रविवारी घरी आणते, तीन महिने राहील, जमलं तर कायमचं करू. तेवढ्यात संस्थेचा फोन आला आणि सॅन्टन म्हणजे पोपट, हे सांगायचं राहूनच गेलं. नंतर आईने हळूच विचारलं, “त्याच्या घरचं कोन नाय काय?” मी खरं ते सांगितलं, की त्याला सांभाळणारी बाई ऑस्ट्रेलियाला गेली आणि तो फार एकटा पडलाय. आईने पुढे काही विचारलं नाही.

रविवारी मी पिंजरा घेऊन आले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसलेले, आणि घरभर कोंबडीच्या रश्श्याचा वास. मी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. बाबांनी पोपटाकडे पाहिलं, माझ्या मागे दाराकडे पाहिलं, जिन्यात वाकून पाहिलं आणि मग इतके हसले की त्यांनी तीन महिन्यांची परवानगी तिथल्या तिथे देऊन टाकली. रस्सा आम्ही खाल्ला. सॅन्टनला पेरू दिला.

काका, तेव्हा तुम्ही त्याला पाहायला हवं होतं. एकटेपणाने त्याने छातीवरचं एकेक पीस स्वतःच उपटलं होतं. डोकं राजाचं आणि अंग खाटकाच्या दुकानात टांगल्यासारखं. मी त्याला रोज फवाऱ्याने आंघोळ घातली, उपटायला पिसांऐवजी नारळाचा काथ्या दिला, सूर्य मावळला की घरात टीव्ही बंद. (आईने मालिका सोडल्या. हा त्याग नोंदवून ठेवा.) दीड महिन्याने छातीवर राखाडी कोंब दिसले. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशीसुद्धा मी एवढी ताठ चालले नव्हते.

आता पूजा. गुरुजी आचमनाला बसले आणि म्हणाले, केशवाय नमः. आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या बाईचा दमलेला, मायाळू आवाज आला, “आम्हासाठी विनंती कर.” सगळ्यांना वाटलं, आत कुणी आजी बसल्या आहेत. गुरुजी म्हणाले, नारायणाय नमः. आतून पुन्हा, “आम्हासाठी विनंती कर.” माधवाय नमः, पुन्हा तेच. मी धावत पिंजरा झाकायला गेले, तर झाकल्यावर आवाज आणखी भक्तिभावाने येऊ लागला. बाबा घामाघूम. आई देवाकडे बघू की माझ्याकडे, अशा पेचात. गुरुजींनी पळी खाली ठेवली आणि कोण आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “विनंतीच करतोय ना? मीही तेच करायला आलोय. करू दे.” आणि पुढचं प्रत्येक नाव त्यांनी सावकाश घेतलं, सॅन्टनला जागा ठेवून. चोविसाव्या नावापर्यंत आईचे ओठसुद्धा हलत होते. यात घोळ कुठे झाला, ते तुम्हीच सांगा.

सॅन्टनला आधी सांभाळणाऱ्या बाई म्हणजे फ्लॉसी आंटी. संध्याकाळी मी त्यांच्या मुलाला, डेन्झिलला, ऑस्ट्रेलियाला फोन लावला. तो आधी हसला, मग सगळं सांगू लागला. त्यांच्या ख्रिस्ती घरात रोज तिन्हीसांजेला प्रार्थना होई. एकाने संतांची नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला बाकीच्यांनी हे उत्तर द्यायचं. आधी अंकल नावं घेत आणि आंटी उत्तर देत, तेच सॅन्टनने त्यांच्या आवाजात उचललं. अंकल गेले, मुलं परदेशी गेली. फ्लॉसी आंटी नावं घेत राहिल्या आणि उत्तर द्यायला घरात सॅन्टन तेवढा उरला. काका, माणसं निघून गेल्यावरही ज्याने आपली पाळी चुकवली नाही, त्याला मी तिसऱ्या घरी कशी पाठवू?

ह्यासाठी शिकवलं का, असं तुम्ही विचारलंत. हो काका, ह्यासाठीसुद्धा.

काकूंना नमस्कार. पाय जपा.

तुमची पुतणी,
क्षितिजा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. सॅन्टनला कायमचं दत्तक घ्यायचा अर्ज रविवारपर्यंत द्यायचा आहे, नाहीतर तो पुण्याच्या एका घरी जाईल. अर्जावर कुटुंबप्रमुखाची संमती लागते. बाबा म्हणतात, दादाला विचारल्याशिवाय मी आजवर कुठे सही केली नाही. तेव्हा कृपा करून एक फोन करा आणि फक्त ‘हो’ म्हणा.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार एवढ्यात बाबा कामावरून आले. सॅन्टनला खांद्यावर घेऊन त्यांनी अर्ज मागितला आणि तुम्हाला न विचारता सही केली, तीही संमतीच्या जागी नाही, अर्जदाराच्या. म्हणजे दत्तक बाबांनी घेतलाय आणि मी ‘घरातील इतर सदस्य’ झाले. तुमची परवानगी आता लागणार नाही, पण फोन मात्र करा, कारण सही केल्यापासून ते घाबरून फोनजवळ बसलेत. मी नवा अर्ज आणू शकले असते, पण आणणार नाही. ‘अर्जदाराचे शिक्षण’ ह्या रकान्यात बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय : मुलगी बी. एस्सी.