आईचा चेहरा तेवढा बाकी आहे

प्रिय तोकिएताईस, धाकट्या मित्सुएचा वाकून नमस्कार.

इकडे तोयामात उकाड्याने जीव नकोसा केलाय आणि झाडावरचे किडे दिवसभर कंठशोष करताहेत. सप्पोरोच्या गारव्यात तुझे गुडघे कसे आहेत? माझे करकरतात, पण जीभ ठणठणीत आहे (तू म्हणशील, तेच तर दुखणं).

विशेष म्हणजे मी सिनेमात आहे! चित्रांच्या सिनेमात, ॲनिमेशन म्हणतात त्याला. विमानांनी गाव जाळलं त्या रात्रीची आपली आई शाळेतल्या पोरांना दाखवायची आहे. फोटो सगळे त्याच आगीत गेले, त्यामुळे चिनात्सू (चित्रकलेच्या कॉलेजातली, केस जांभळे, पण मुलगी गुणी) जी काढील तीच आई यापुढे आपली पणतवंडं ओळखणार. असलं काम माझ्यावाचून कोण निभावणार?

पहिल्याच दिवशी पोरीने चित्रात तुझ्या-माझ्या हातात पांढऱ्याशुभ्र भाताचे गोळे दिले. मी म्हटलं, "अगं बाई, आम्ही काय सरदार होतो? रताळं काढ, तेही अर्धं, आणि मोठा तुकडा ताईच्या हातात." (रागावू नकोस, खरं ते खरं.) मग तिने आईला रडत पळताना दाखवलं. रडत! पळायचं नाही, बादल्या घेऊन आग विझवायची, असा हुकूम होता ना? गल्लीप्रमुख आडवा आला, तेव्हा आईने भरलेली बादली त्याच्याच डोक्यावर उपडी केली. "घ्या, विझवली. आता पोरींना जाऊ द्या!" मुख्याध्यापक कुरकुरले, हे शोभत नाही म्हणाले. मी सांगितलं, "गुरुजी, न शोभणारी बाई होती म्हणून मी आज इथे बसलेय." बादली राहिली.

चेहऱ्याचं मात्र जमेना. आधी बशीएवढे डोळे काढले, मी खोडायला लावले. मग बारीक काढले, तेही खोडायला लावले. नाक तर किती बदललं, विचारू नकोस. बिचारी रडकुंडीला येऊन विचारते, "आजी, मग होत्या तरी कशा?" मी ठणकावून सांगते, "अशी नव्हती!"

तू काळजी करू नकोस. सगळं माझ्या मुठीत आहे.

तुझी मित्सुए

ता. क. पितर घरी येतात त्या दिवसांतच शाळेत दाखवायचंय. आईच्या चेहऱ्याच्या जागी अजून कोरा गोल आहे.

आणखी एक ता. क. ताई, त्या रात्रीबद्दल तू तोंड उघडत नाहीस, मीही कधी आग्रह केला नाही. पण मी आईच्या पाठीला बांधलेली होते गं. मला तिची मान आठवते, डोक्याच्या फडक्याची गाठ, घामाचा वास. चेहरा नाही. तू तिचा हात धरून पळत होतीस, सारखी वर बघत होतीस. आपल्याला नदीकाठी ठेवून ती शेजारच्या आजींना आणायला गेली, ती गेलीच. चिनात्सूने मान हुबेहूब काढलीय, बघून मला रडू आवरेना. आता आईला आपल्याकडे वळवायला तू ये.